कोठार रिकामं करणारा कारकून

आमच्या हिनकल गावाहून मी आणि माझी जाऊ बसने शिवणाच्या दुकानात कामाला जायचो. त्याच बसमध्ये एक मुलगी असायची. ती विद्यापीठात इतिहास शिकवायला शिकत होती. बोट वर करून ती खिडकीच्या गजांना धडा शिकवायची आणि मधेच एखाद्या गजावर रागवायची. तिचं नाव विचारायचं धाडस माझं कधी झालं नाही.

एक दिवस ती घाबरलेली दिसली. दुसऱ्या दिवशी परीक्षकांसमोर मुलांना धडा शिकवायचा होता, बिघडला तर वर्ष वाया.

"अक्का, तुमच्यावर करून बघते. एका कारकुनाने राजाच्या कोठारातलं धान्य गुपचूप बाहेर काढलं. हा आर्थिक गुन्हा. कळलं?"

जावेने हातच जोडले आणि तिला सांगितलं, आमच्या भजनात असाच एक संत आहे. त्याने दुष्काळात राजाचं धान्य गरिबांना वाटलं आणि विठ्ठलाने येऊन भरपाई केली.

"अय्यो अक्का, याने विकून घर बांधलं!"

"मग विठ्ठल नाही आला?"

"नाही. हिशेब तपासणारे आले."

"अरेरे, बिचारा!" जाऊ हळहळली. मुलगी रडकुंडीला आली. चौथीत आमच्या बाई फक्त सनावळ्या पाठ करून घ्यायच्या, त्यात ही भानगड नव्हती.

दोन दिवसांनी ती हसतच बसमध्ये चढली. "वर्गात कारकून आणि तुमचा संत, दोघांची गोष्ट सांगितली. धान्य कुणाच्या घरी गेलं, एवढंच विचारलं. मुलं ओरडली, कारकून चोर! पास झाले!"

"आणि राजाला न विचारता वाटलं, तो आमचा संत?" जावेने विचारलं.

मुलीने गजांकडे बोट वर केलं आणि पुन्हा खाली घेतलं.

"ते एम.ए.ला असतं, अक्का."