रौंडाण्याला तीन वळसे
क्लच तापल्याचा वास आला की मला अण्णा नगरचा रौंडाणा आठवतो. चेन्नईत गोल चौकाला असंच म्हणतात. बाबांची नजर मंदावली तेव्हा अठ्ठावन्नाव्या वर्षी आई गाडी शिकली. एके सकाळी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचं होतं. मी चालवतो म्हटलं, तर म्हणाली, “तू रोज थोडाच असणार आहेस?” मी शेजारी बसलो. रौंडाण्यावर आम्ही सगळ्यांत आतल्या रांगेत अडकलो. बाहेर पडायचं डावीकडे, आणि डाव्या अंगाला खेटून भली मोठी बस. मागून हॉर्नचा कल्ला चालला होता, गाडीत तापल्या क्लचचा वास भरला होता. “आई, घाल गाडी, बस थांबेल,” मी म्हणालो. “बसपलीकडचं मला दिसत नाही. आणखी एक वळसा घेते,” ती म्हणाली. दुसऱ्या वळशालाही तशीच एक बस आडवी आली. मी चिडून म्हटलं, “आता तरी घाल.” तिनं घातली नाही. तेवढ्यात त्या बसच्या आडून एक स्कूटर सुसाट आमच्यापुढे आली. स्कूटरवर पुढे गणवेशातली चिमुरडी उभी होती. माझा पाय आपोआप नसलेल्या ब्रेकवर गेला. आईनं स्कूटरला जाऊ दिलं, तिसरा वळसा घेतला, आरशात पाहिलं, मान वळवून पाहिलं आणि सावकाश बाहेर पडली. मागच्या सीटवरून बाबा एवढंच म्हणाले, “छान चालवतेस.” लायसन्स मला तिच्या दहा वर्षं आधी मिळालं होतं, तरी गाडी कुणाकडून शिकलास असं कुणी विचारलं, तर मी आजही ताठ मानेनं आईकडे बोट दाखवतो.