रंजनाच्या गाण्यातला दुसरा आवाज

आमच्या घरात भूत-करणी असल्या शब्दांना थाराच नव्हता. वडील बुद्धविहारात अंधश्रद्धेवर तासन् तास बोलायचे, आणि मी त्यांचाच मुलगा. त्यामुळे हे वाचून कुणी हसलं तर माझी हरकत नाही... मीही हसलो असतो.

२००३-०४ च्या सुमारास दौंडला, रेल्वे लाइनजवळच्या आमच्या घरात मागच्या खोलीत मी छोटा स्टुडिओ टाकला होता. कॉम्प्युटर, कीबोर्ड, एक बरा माइक, भिंतींना गोधड्या. ढोलकी-तबला आधीच सॉफ्टवेअरमध्ये बसवून ठेवायचा, मग वर गायकाचा आवाज घ्यायचा. प्रत्येक आवाजाची स्क्रीनवर वेगळी पट्टी, म्हणजे ट्रॅक. आवाज आला की पट्टीत लाटा उमटतात.

माझी मावसबहीण रंजना वडगाव रासाईला दिलेली. गळा असा, की माणूस चालता थांबावा. पण सासऱ्यांपुढे, म्हणजे आबांपुढे, गुणगुणायचीही चोरी. सुनेनं चारचौघांत गायचं म्हणजे त्यांना अब्रू गेल्यासारखं वाटायचं. एकदा तर भरलं ताट तिच्या अंगावर भिरकावलं होतं. ते वारले, आणि पुढच्या जयंतीसाठी ती भीमगीत रेकॉर्ड करायला आली. नवरा मिलिंद गाडीवर घेऊन आला.

भर दुपारची वेळ. पहिला टेक झाला, मी ऐकायला लावला. तिनं श्वास घेतला तिथं कुणीतरी पुरुष बोलला – "गप बस."

रेल्वेचा वायरलेस केबलमधून घुसला असणार, असं मी म्हणालो. वायरी बदलल्या, पुन्हा टेक घेतला. पुन्हा तेच, आता जास्त जवळून. मी तिचा ट्रॅक म्यूट केला, मग एकेक करून सगळेच. सगळे ट्रॅक बंद, तिच्या श्वासाच्या जागी पट्टीत एकही लाट नाही... आणि हेडफोनमध्ये तो आवाज चालूच – "गप बस, भवाने. गप बस."

मिलिंदनं हेडफोन घेतला. ऐकता ऐकता त्याचा चेहराच उतरला. "आबा हायत," एवढंच म्हणाला. मग लगेच घरी जाऊ म्हणायला लागला, गाणं नको, काहीच नको.

रंजनानं त्याच्या हातातून हेडफोन काढून घेतला. आवाज तिनं आधीच ओळखला असावा.

"जित्ते व्हते तवा ऐकलं त्यांचं," ती म्हणाली. "आता न्हाई. दादा, लाव तू."

मी रेकॉर्डिंग सुरू केलं. ती गात होती आणि हेडफोनमधून तो माणूस तिला शिव्या घालत होता – तिच्या आईला, माहेराला, पोटच्या पोरीला. मी माझा हेडफोन काढून ठेवला. ती काढू शकत नव्हती, ताल त्यातच होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण सूर हलला नाही. शेवटचं कडवं तर तिनं असं म्हटलं, की मिलिंद भिंतीला टेकून खालीच बसला.

नंतर लावून पाहिलं तर रेकॉर्डिंग एकदम स्वच्छ. मी चार वेळा ऐकलं. तिच्या आवाजाशिवाय काही नाही. कसलाच खुलासा सुचेना, पण सुटलो असं वाटलं. कॅसेट करून दिली.

जयंतीला मी वडगावला गेलो. विहारासमोर स्पीकरवर तेच गाणं लागलं. माणसं माना डोलवत होती. मिलिंदची आई बायकांत बसली होती. दौंडला काय झालं ते तिला आम्ही कुणीच सांगितलं नव्हतं. पहिलं कडवं संपलं आणि ती गडबडीनं उठून उभी राहिली. डोक्यावरचा पदर पुढं ओढला, मान खाली घातली.

मी जवळ जाऊन विचारलं, मावशी, काय झालं?

"बंद करा ते," ती हळूच म्हणाली. "त्यांला लई राग आलाय."

मी गाणं बंद केलं. शेजारच्या बायकांना विचारलं, स्पीकरवाल्याला विचारलं. सगळ्यांना फक्त रंजना ऐकू आली होती.

रंजना आजही गाते, स्टेजवर, शेकडो माणसांपुढे. हेडफोन मात्र तिनं परत कधी कानाला लावला नाही. नंतर मी पुण्याच्या जाणकारांनाही ती फाइल ऐकवली. त्यांना काही सापडलं नाही. मलाही नाही.