फलाट दोनवरची गळती

या पृथ्वीतलावर आजवर जेवढ्या गाड्या उशिरा आल्या असतील, त्या सगळ्यांची बाजू घेणारा एकच माणूस मी पाहिला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. मामांनी सगळी नोकरी आमच्या जिल्ह्यातल्या एका बसस्टँडावर माइकसमोर काढली. ‘प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे’ हे वाक्य त्यांच्या घशात इतकं मुरलं, की रिटायर होताना माइक तिथंच राहिला, पण घसा त्यांच्याबरोबर घरी आला. हे घर सिद्धेश्वर धरणाच्या पाण्याला अगदी चिकटून आहे. मागच्या दारात पाय घसरला तर माणूस थेट माशांच्या पंगतीला. तिथं मामा एकटे राहतात. बोलायला कुणी नाही, म्हणून घोषणा करतात. शेजारची शेळी ओसरीवर चढली तर तिला हाकलत नाहीत, ती कोणत्या फलाटावर लागली ते जाहीर करतात. माझ्या लग्नात मी पारावरून मांडवात यायला जरा वेळ लावला, तर ह्यांनी वाजंत्र्यांचा माइक घेऊन वऱ्हाडाला कळवलं, की नवरदेव तांत्रिक कारणामुळे वीस मिनिटे उशिराने धावत आहेत. सासरवाडीत माझं नाव आजही ‘तांत्रिक कारण’ आहे.

माइकवरची त्यांची भाषा अशी इस्त्री केलेली, आणि घरातली अस्सल हिंगोलीची. पण दोन्ही भाषांत एक शब्द नव्हता: रद्द. तो त्यांनी उभ्या नोकरीत उच्चारला नाही. एकदा पुरानं रस्ता बंद होता, गाडी येणार नाही हे स्टँडावरच्या कुत्र्यालाही कळलं होतं. मामांनी मात्र ती सकाळपासून दिवेलागणीपर्यंत ‘थोड्याच वेळात’ ठेवली. लोकांनी स्टँडावरच शिदोऱ्या सोडल्या, लोणच्यांची देवाणघेवाण झाली, आणि संध्याकाळपर्यंत दोन अनोळखी घरांत सोयरीक ठरली. त्या जोडप्याच्या लग्नापासून पोरांच्या बारशापर्यंत सगळ्या कार्यांना मामांना मानाचं बोलावणं असतं. मी एकदा विचारलंच, मामा, सरळ रद्द म्हणायला काय हरकत होती? तर म्हणाले, “जावई, माणसाला उशीर सोसतो. तो शब्द सोसत न्हाई.”

मामी दवाखान्यात वारल्या तेव्हा मामा ड्युटीवर होते. त्याबद्दल ते एकच वाक्य बोलतात आणि तेही दुसरीकडं बघत: “तिची गाडी टायमावर सुटली. मीच लेट पोचलो.”

यंदा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मी मोटरसायकलला ताडपत्री बांधून त्यांच्याकडं गेलो. पत्रे चाळणीसारखे झाले होते आणि बायकोनं मला ते झाकून येण्याचा हुकूम सोडला होता. घरात शिरलो तर मामा चुलीपुढं घामाघूम. त्यांची मुलगी शोभा आठ महिन्यांनी त्या दिवशी यायची होती, नांदेडहून वसमतला गाडी बदलून, अकराच्या सुमाराला. म्हणून मामा गुळाच्या दशम्या करत होते. दशमी गोल असते हा आपला समज. मामांच्या दशम्या तालुक्यांच्या आकाराच्या होत्या.

मी पत्र्यावर चढणार तोच वादळ आलं. धरणाचं पाणी काळंनिळं होऊन मागच्या भिंतीवर धपाधपा आपटायला लागलं, आणि घरात चार ठिकाणी गळायला लागलं. मामांची कळी खुलली. चार गळत्यांना चार नावं होती. कळशीत औंढा, पातेल्यात हिंगोली, बादलीत जिंतूर, आणि दाराजवळ मामींच्या पितळी घंगाळात फलाट दोनची वसमत. भांडं भरलं की मामा ते दारातून ओतत आणि गाडी सुटल्याचं जाहीर करत. मधूनच दार किलकिलं करून रस्त्याचं वळण बघत. अकरा वाजले, बारा वाजले. वसमतची गाडी थोड्याच वेळात येत होती.

साडेबाराला फोन आला. शोभा वसमतच्या स्टँडावरून बोलत होती. वाटेतल्या ओढ्याच्या पुलावर पाणी चढलं होतं, गाड्या थांबल्या होत्या. पण एक जीपवाला पाण्यातून गाडी घालायला तयार होता आणि चार माणसं बसलीही होती.

“बाबा, येऊ का जीपनं? सुट्टी आजचीच हाय. नंतर दिवाळीपर्यंत न्हाई जमत.”

मामांनी चुलीजवळच्या दशम्यांकडं पाहिलं. ‘ये’ हा शब्द त्यांच्या ओठांपर्यंत आलेला मला स्पष्ट दिसला. मग त्यांनी फोनवर बोटानं दोनदा टकटक केलं, जसं माइकवर करायचे, आणि घसा खाकरला.

“प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. वसमतहून येणारी गाडी आज रद्द करण्यात आली आहे.”

पलीकडं शोभा हसली. मग हसणं थांबलं आणि नुसता नाक ओढल्याचा आवाज आला.

“दशम्या टिकतात, माय,” मामा म्हणाले. “तू माघारी जा. पोचली की फोन कर.”

त्यानंतर औंढा भरून वाहिली, जिंतूर वाहिली, पण एकही गाडी सुटली नाही. मामा खाटेवर बसून पाण्याचा आवाज ऐकत राहिले. शेवटी मीच कळशी उचलली आणि जमेल तशा आवाजात सांगितलं, की औंढ्याला जाणारी गाडी फलाट चारवरून सुटत आहे. खाटेवरून तक्रार आली, “तीन, जावई. औंढा तीनवर लागते. पब्लिकला तकलीफ देता काहून?”

चारच्या सुमाराला शोभा नांदेडला घरी पोचल्याचा फोन आला, आणि पाऊसही ओसरला. मी पत्र्यावर चढून ताडपत्री पसरली. खालून मामा सांगत होते: औंढा झाका, हिंगोली झाका, जिंतूर झाका. दाराजवळ आल्यावर म्हणाले, “फलाट दोन राहू द्या.”

“काहून?”

“घरात काहीतरी येत-जात राहिलं पायजे.”

मी ताडपत्रीचा कोपरा तिथं दुमडून वर दगड ठेवला. बायकोला काय सांगायचं हा प्रश्न होता, पण तांत्रिक कारण होतंच. निघताना मामांनी निम्म्या दशम्या फडक्यात बांधून दिल्या. मी मोटरसायकलला किक मारली, तशी ओसरीवरून खणखणीत घोषणा झाली, की हिंगोलीकडे जाणारी गाडी फलाट एकवरून सुटत आहे. मी मान वळवली. मामा माझ्याकडं बघतच नव्हते. घरात घंगाळात थेंब वाजत होता आणि ते रस्त्याच्या वळणाकडं बघत स्वतःशीच, माइकशिवायच्या भाषेत म्हणत होते,

“वसमतची येऊन राहिली. जरा लेट हाय.”