तांब्यातले जड आणि हलके

नांदेडहून लातूरला जाणाऱ्या एसटीत ती माझ्या शेजारी बसली होती. पन्नाशीची, लातूरच्या दाळमिलमध्ये दाळ निवडणारी बाई. मांडीवरच्या रुमालात भाजलेले शेंगदाणे होते. त्यातले किडके दाणे ती न बघता, नुसत्या बोटांनी बाजूला काढत होती.

"काय शिकतीस?" तिनं विचारलं.

पीएचडी सोडतेय, हे घरी सांगायला मी निघाले होते. तिला सगळंच सांगून टाकलं. तांब्यात दोन तऱ्हेचे अणू असतात, एक किंचित जड, एक हलका. लिगँड नावाचे रेणू त्यांना धरतात, सोडतात, पुन्हा धरतात, आणि जड अणूला केसभर जास्त घट्ट धरतात. तेवढ्या फरकावर मी दोन वर्षं त्यांना वेगळं करत होते.

"होतेत का येगळे?"

"एका खेपेला अगदी थोडे. डोळ्यांना दिसत नाहीत, मशीनवर कळतं."

तिनं निवडलेले दाणे माझ्या हातावर ठेवले. "म्हंजे होतेत. थकली म्हणून सोडायचं तर सोड. पर होत न्हाई म्हणून सोडू नको बाई, ते खोटं हाय."

मला हसूच आलं. मी खरंच लई थकले होते.

लातूरला ती उतरून गर्दीत गेली. मी चार दिवस घरी नुसती झोपले आणि परत नांदेड गाठलं. तांब्याचं तेच द्रावण लिगँड भरलेल्या नळीतून पुन्हा पुन्हा सोडत राहिले. वर्षभरानं फरक कुणालाही दाखवता येईल एवढा झाला.

आता माझा एखादा विद्यार्थी प्रयोग सोडतो म्हणाला, की मी आधी विचारते, "झोप झाली का?"