निरोगी म्हणून निवडलेली मोतीबाई

आमच्या तांड्यात आजारी कोण? जो अंथरुणाला खिळला तो. बाकी सगळे ठणठणीत. मी इथली आशा वर्कर, हे ऐकून ऐकून माझं डोकं फिरतं.

गेल्या साली हळदीच्या दिवसांत मेडिकल कॉलेजचं पथक आलं. रक्ताच्या रिपोर्टवर छापलेले 'नॉर्मल' आकडे म्हणे परमुलखातल्या माणसांवरून ठरलेले. आपल्याकडच्या निरोगी माणसांचं रक्त तपासून आपले आकडे ठरवायचे होते. ही माणसं निवडायचं काम तांड्याचे नायक हिरासिंग यांच्याकडे गेलं. त्यांनी पहिलं नाव घेतलं मोतीबाईचं. शेजारच्या कुरुंदा गावी दिवसभर हळद शिजवणारी, कधी आडवी न झालेली बाई! ठेवणीतला घागरा अन् आरशांची काचळी घालून ती ऐटीत सुईपुढं बसली.

काही दिवसांनी डॉक्टरीणबाईंचा फोन आला. मोतीबाईच्या अंगात रक्त फार कमी, किडन्याही निकामी होत चालल्यात. तिचं नाव गाळलंय, ताबडतोब नांदेडला आणा. मी धावत गेले.

मोतीबाई हसली. "तुमीच निवडलं ना मला? मंग आता बिमार काहून म्हणून राहिल्या?"

"मावशी, तपासणीत निघालंय."

"अन् दुसऱ्या बायांचं?"

खोटं कशाला बोलू? रक्त बहुतेक सगळ्यांचंच कमी निघालं होतं.

"मंग आमच्यात तेच बराबर हाय," म्हणाली, आणि गेली कामावर.

मला राग आला, तिचा आणि हिरासिंग यांचाही. पुन्हापुन्हा जाऊन सांगितलं; पालथ्या घड्यावर पाणी. पुढं तिचा चेहरा सुजला, तर बाया कौतुकानं म्हणाल्या, "मोतीबाईनं अंग धरलं." तिलाही ते आवडलं. मला मात्र रडू आलं.

दिवाळीनंतर ती शेतात कोसळली. मुलानं, प्रेमदासनं, नांदेडला नेलं. किडन्या गेल्या होत्या. डायलिसिसच्या खेपा सुरू झाल्या, त्यात पोराची मजुरी बुडू लागली, तशी काही महिन्यांनी तीच म्हणाली, "आता नगा नेऊ." आठवडा झाला, ती दारातल्या बाजेवर पडून आहे. तिच्याकडं बघवत नाही.

काल तिची सून निलम तिला पाणी पाजत होती. मी निलमची पापणी खाली ओढून पाहिली. आतून पांढरीफटक.

"उद्या माझ्यासंगं तपासायला चल," मी म्हटलं.

"मी काहून? मी कुठं पडले हाय?" म्हणाली, आणि भाकरीचं गठुडं उचलून कामावर गेली.