सत्तरवरून वीस

गोंदियाला उतरलो तेव्हा सव्वासहा झाले होते. परतीची गाडी दोनला. ऑटोचे पाऊण तास जाताना, तेवढेच येताना. सारस पक्ष्यांसाठी उरले जेमतेम सहा तास. ऑटोत हे गणित मी तीनदा केलं.

मुरलीभाऊंच्या बांधीत (बांध घातलेलं धानाचं शेत) कापणी संपली होती. घरट्याभोवतीचा चार गुंठे धान तेवढा उभा होता. सारसाची जोडी धुऱ्यावर (बांधावर) होती, पण पिल्लू चार दिवस दिसलं नव्हतं. आत शिरून शोधावं, तर बिथरून उघड्यावर पळायचं आणि कुत्र्यांना सापडायचं. ते नसेल तर धान आज कापायचा, असं ठरलं होतं. विळे घेऊन तीन बाया बसल्या होत्या.

“कुत्र्यानं नेलं असन,” त्यांतली एक म्हणाली. “कायले वाट पाहून राहिले जी? धान झडून राहिला.”

“या साहेबाच्या फोटूत दिसते का पाहू,” मुरलीभाऊ म्हणाले.

तिवईवरून तीन फोटो घेतले: एक काळपट, एक मधला, एक उजळ. तिन्ही मोबाइलवर एकत्र केले की ऊन-सावली दोन्ही नीट दाखवणारा एचडीआर फोटो होतो. परिणामाची तीव्रता सत्तर ठेवली, रंगाचा तोल पिवळ्याकडे पंधरा. धान असा पेटला की मी खूश झालो.

मुरलीभाऊंनी फोन डोळ्यांजवळ धरला. “एवढा पिवळा धान तं माह्या बापानं नाही पिकवला. पिल्लू कोठी हाय?”

नव्हतं. त्यांनी फोन परत दिला. “जा, कापा.”

बाया उठल्या. मी फोटो पुन्हा उघडला. तो पिवळा माझा होता, शेतातला नव्हता. तीव्रता पन्नास केली, पस्तीस, वीस. तोल पंधरावरून शून्य, मग निळ्याकडे पाच. धान फिकट पडत गेला. एक विटकरी ठिपका मात्र फिका होईना. मोठा करून पाहिला. मान होती. डोळा होता.

“थांबा! कापू नका!”

मुरलीभाऊंनी फोन पाहिला, मग धान. “हाय,” म्हणाले आणि धुऱ्यावर बसलेच.

“मंग आम्ही काय करावं जी?” बाई विळा कमरेला खोचत म्हणाली. “फोटू काढावं?”

गाडी सुटायला चार मिनिटं असताना डब्यात चढलो.

घरी बायकोला सत्तरचा फोटो आवडला. वीसचा मळकट वाटला. मी भिंतीवर मळकटच लावला. येणाऱ्याला पिल्लू बोटानं दाखवावं लागतं.

महिन्याभरानं मुरलीभाऊंचा फोन आला. “उडालं जी. आता कापतो. धान किती उरला, ते इचारू नोका.”