बाबांची उन्हावरची गाडी

बाबांनी गाडी बनवायला घेतली ती आईसाठी, पण कर्वेनगरच्या आमच्या सोसायटीत ती सगळ्यांचीच होऊन बसली. वर्कशॉपमधून निवृत्त झालेला माणूस बॅटरीवरची जुनी तीनचाकी आणतो, तिच्या छतावर सोलर पॅनेल चढवतो, म्हटल्यावर सल्ला दिल्याशिवाय पुणेकराला राहवतं का? संध्याकाळी चहाच्या कपासकट माणसं खाली जमायची.

आईला धायरीला धाकट्या बहिणीकडे जायचं होतं. मावशी मोठ्या आजारातून उठली होती, अजून घराबाहेर पडत नव्हती. आईच्या गुडघ्यांना रिक्षाची पायरी उंच आणि माझ्या मोटारीची सीट खोल. दोघी रोज फोनवर भांडायच्या, पण वर्षभरात भेट नव्हती. म्हणून बाबांनी गाडीतली सीट आईच्या स्वयंपाकघरातल्या स्टुलाच्या उंचीची केली. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. स्टुलाला टेप लावताना मी पाहिलं म्हणून कळलं.

"आठवडाभर उन्हात उभी राहू दे, धायरीला जाऊन परत येईल," बाबांनी जाहीर केलं. सूर्यावर एवढा विश्वास, की बॅटरी किती भरली हे दाखवणारा काटा बसवायचं त्यांना सुचलंच नाही.

गुरुवारी मी रजा टाकली आणि आम्ही तिघं निघालो. प्रत्येक सिग्नलला चौकशी. "काका, पेट्रोल नाही? चार्जिंग पण नाही? भारीच!" एक गृहस्थ तर सिग्नल सुटला तरी स्कूटर हलवेनात. बाबा ताठ बसून उत्तरं देत होते आणि ठेवणीतली साडी नेसलेली आई त्यांच्याहून ताठ.

राजाराम पूल ओलांडून सिंहगड रस्त्याला लागलो आणि गाडी मंदावत मंदावत थांबली.

"सूर्य संपला वाटतं," कडेला उभे असलेले एक आजोबा म्हणाले.

बाबांनी वायरी तपासल्या, फ्यूज पाहिला, घामाघूम झाले. तेव्हा आई हळूच म्हणाली, "अहो, दुपारी तुम्ही झोपलात की मी वॉचमनकडून वर चादर घालून घ्यायचे. तुम्ही उठायच्या आत काढायचे. एवढी महागाची काच, उन्हानं तडकली असती म्हणजे?"

आमच्या घरात मिक्सरला झबलं आहे आणि टीव्हीचा रिमोट अजून प्लॅस्टिकच्या पिशवीत आहे. नवी वस्तू झाकायची असते, हे आईला तिच्या आईनं शिकवलेलं. मला हसू आवरेना. बाबा रागवायचंही विसरले.

"राहू दे आता. घरी जाऊ," आई म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. माझं हसू कुठल्या कुठे गेलं.

तोवर भोवती गर्दी जमली होती. त्यातला एक टेम्पोवाला पुढे झाला. "धायरीलाच चाललोय. दोर हाय माझ्याकडं. बसा आजी, उतरू नका." दोर बांधता बांधता तो छताकडे पाहत बाबांना म्हणाला, "काका, कमाल हाय! आमालाबी एक असली बनवून द्या." बंद पडलेल्या गाडीचं एवढं कौतुक मी कधी ऐकलं नव्हतं, आणि तो थट्टा करत नव्हता.

मावशी दुसऱ्या मजल्यावर राहते आणि इमारतीला लिफ्ट नाही. आईला खुर्चीतून वर न्यायचं ठरलं होतं. पण गॅलरीतून ही वरात पाहून मावशीच शेजारणीचा हात धरून जिना उतरली. आजारानंतर पहिल्यांदा. बाबांनी गाडी भर उन्हात लावून घेतली होती. मावशी आत आईशेजारी बसली आणि दोघी गळ्यात पडून मनसोक्त रडल्या.

मग मावशीला काखेतलं आठवलं. तिनं घडी केलेली चादर बाबांपुढे धरली. "भावोजी, आधी ही वर घाला. केवढं ऊन आहे, काच तडकेल."

आईनं ती चादर हिसकावून घेतली आणि तिच्यावरच बसली.

"काही घालायची नाही. तापू दे चांगली. मला पुढच्या गुरुवारी पुन्हा यायचंय."